डाल्टनचा लाल झगा

पदवीदान समारंभांचे दिवस आले की वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर एक ठरावीक छायाचित्र दिसू लागते. झगा घातलेली एखादी वयस्क व्यक्ती, शेजारी कुलपती, हातात पदवीपत्राची गुंडाळी आणि खाली ओळ : अमुक विद्यापीठातर्फे अमुक यांना मानद डॉक्टरेट. दुसऱ्या दिवशी वर्गात एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, "सर, यांनी परीक्षा कधी दिली?" यावर 'अरे, तो मान असतो' एवढे सांगून आपण फळ्याकडे वळतो. आम्हीही अनेकदा असेच वळलो आहोत. पण प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. ज्या संस्थेचे सारे बळ परीक्षा घेण्यात आहे, ती संस्था परीक्षेवाचून पदवी का देते? कोणाला द्यायची हे कोण ठरवते? आणि न देण्याचे कोण ठरवते? याची उत्तरे शोधताना विज्ञानाच्या इतिहासातली एक मोठी गमतीची, आणि थोडी बोचरीही, गोष्ट हाती लागते. तीच येथे सांगायची आहे.

आधी एक घोटाळा दूर करू. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावामागचे 'डॉक्टर' हे मानद नव्हे. लंडन विद्यापीठाची डी.एससी. (१९२३) आणि कोलंबिया विद्यापीठाची पीएच.डी. (१९२७) या त्यांनी प्रबंध लिहून मिळवलेल्या पदव्या. त्याच कोलंबिया विद्यापीठाने ५ जून १९५२ रोजी त्यांना एलएल.डी. दिली आणि जानेवारी १९५३ मध्ये उस्मानिया विद्यापीठाने डी.लिट. दिली. या शेवटच्या दोन मानद. म्हणजे पदवीचे नाव सारखे असू शकते, तिच्यामागचा रस्ता वेगळा असतो. एका रस्त्यावर परीक्षक उभे असतात, दुसऱ्यावर निवड करणारे मंडळ.

हा दुसरा रस्ता कसा निघाला? युरोपातील मध्ययुगीन विद्यापीठांत पदवी म्हणजे मुळात शिकवण्याचा परवाना. तो मिळवण्यासाठी विद्यापीठाच्या गावी ठरावीक वर्षे राहावे लागे, व्याख्याने ऐकावी लागत, चारचौघांत वादविवाद करून दाखवावे लागत. विद्यापीठाला यातल्या अटी एखाद्यासाठी माफ करण्याचा अधिकार होता. आजारपण, प्रवास, धर्मकार्य अशा कारणांनी एखादी अट माफ होई. मग कोणाच्या तरी लक्षात आले की साऱ्याच अटी माफ केल्या तर? ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या दप्तरात अशी पहिली नोंद १४७८ किंवा १४७९ सालची सापडते. लायनेल वुडव्हिल या धर्माधिकाऱ्याला नेहमीचे वादविवाद न करता धर्मशास्त्राच्या कायद्याची डॉक्टरेट देऊ करण्यात आली. हा लायनेल म्हणजे राजा चौथा एडवर्ड याचा मेहुणा! तेव्हा मानद पदवीचा जन्मच मुळी दरबारच्या मर्जीसाठी झाला, असे म्हटले तर विद्यापीठांनी रागावू नये.

पुढेही दरबार सुटला नाही. १६४२ साली इंग्लंडमध्ये यादवी पेटली आणि पहिल्या चार्ल्स राजाने आपला मुक्काम ऑक्सफर्डला हलवला. सेवकांना बक्षीस द्यायला तिजोरीत पैसा नव्हता, पण विद्यापीठ हाताशी होते. त्याने पदव्यांची अशी खैरात सुरू केली की अखेर विद्यापीठानेच हात जोडले आणि राजाला आवरते घ्यावे लागले. पदवी स्वस्त झाली की तिचे मोल जाते, हे त्या वेळच्या गुरुजनांनाही कळत होते.

पण याच वाटेने वेगळी माणसेही आली. सॅम्युएल जॉन्सनला पैशाअभावी १७२९ साली ऑक्सफर्ड अर्ध्यावर सोडावे लागले होते. त्याच्या प्रसिद्ध शब्दकोशाचे काम पुरे होत आले तेव्हा, १७५५ मध्ये, विद्यापीठाने त्याला एम.ए. दिली आणि ती त्याच्या कोशाच्या मुखपृष्ठावर छापता आली. बेंजामिन फ्रँकलिनचे शालेय शिक्षण उणेपुरे दोन वर्षांचे. विजेवरील प्रयोगांनी त्याचे नाव युरोपभर झाले आणि स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज विद्यापीठाने १७५९ साली व ऑक्सफर्डने १७६२ साली त्याला डॉक्टर केले. तो स्वतःही पुढे 'डॉ. फ्रँकलिन' म्हणूनच वावरला.

आता आपल्या मुख्य गोष्टीकडे येऊ.

जून १८३२, ऑक्सफर्ड

विज्ञानाचा प्रसार करण्यासाठी १८३१ साली यॉर्क येथे 'ब्रिटिश असोसिएशन' ही संस्था स्थापन झाली. तिचे दुसरे अधिवेशन जून १८३२ मध्ये ऑक्सफर्डला भरले. भूगर्भशास्त्रज्ञ विल्यम बकलंड अध्यक्ष होता, आणि अधिवेशन ऑक्सफर्डला आणण्यात तिथला रसायनशास्त्राचा प्राध्यापक चार्ल्स डॉबेनी पुढे होता. त्या काळी ऑक्सफर्ड म्हणजे ग्रीक, लॅटिन आणि धर्मशास्त्र यांचे माहेरघर. विज्ञान तिथे पाहुण्यासारखे राही. 'वैज्ञानिक' या अर्थाचा आजचा रूढ शब्दसुद्धा इंग्रजीत नव्हता. तो पुढच्या वर्षी, १८३३ च्या केंब्रिज अधिवेशनातील चर्चेत, विल्यम ह्यूएलने सुचवला. अशा ऑक्सफर्डने या अधिवेशनाच्या निमित्ताने चौघांना मानद डॉक्टरेट द्यायचे ठरवले.

ते चौघे कोण? पहिला मायकेल फॅरडे. लोहाराचा मुलगा, पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेला. वर्षभरापूर्वीच, १८३१ मध्ये, त्याने विद्युत-चुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला होता. दुसरा रॉबर्ट ब्राऊन. पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांची अखंड चुळबुळ पाहणारा आणि पेशीकेंद्रकाला नाव देणारा वनस्पतिशास्त्रज्ञ. एडिंबरोला त्याने वैद्यकाचा अभ्यास केला होता, पण पदवी घेतली नव्हती. तिसरा डेव्हिड ब्रूस्टर. प्रकाशाच्या ध्रुवणावर मूलभूत काम करणारा आणि मुलांच्या आवडीच्या शोभादर्शकाचा, म्हणजे कॅलिडोस्कोपचा, जनक. गंमत अशी की या ब्रूस्टरनेच दोन वर्षांपूर्वी एका लेखात विद्यापीठांवर आसूड ओढला होता : ब्रिटनच्या आठही विद्यापीठांत मूळ संशोधन करणारा म्हणून ठाऊक असलेला एकही माणूस नाही, असा त्याचा आरोप होता. त्यालाच विद्यापीठ झगा चढवत होते.

आणि चौथा, जॉन डाल्टन. याच्यापाशी आपण जरा थांबू, कारण हा आपल्या व्यवसायातला माणूस आहे.

डाल्टन १७६६ साली कंबरलंडमधल्या ईगल्सफील्ड या खेड्यात एका विणकराच्या घरी जन्मला. बाराव्या वर्षी तो गावातल्या शाळेत शिकवू लागला. त्याचे काही विद्यार्थी त्याच्यापेक्षा अंगापिंडाने मोठे असणार, हे उघडच आहे. पुढे केंडल येथे भावाबरोबर शाळा चालवली. १७९३ साली तो मँचेस्टरच्या 'न्यू कॉलेज'मध्ये गणित व निसर्गविज्ञान शिकवायला गेला. सात वर्षांनी ती नोकरी सोडली आणि उरलेले आयुष्य खासगी शिकवण्यांवर काढले. अणुसिद्धांत त्याने मांडला तो असा शिकवण्या करता करता. त्याचे गाजलेले पुस्तक १८०८ साली निघाले. हवामानाच्या नोंदी तो १७८७ पासून रोज ठेवत आला होता, त्या दोन लाखांच्या घरात गेल्या. शेवटची नोंद मरणाच्या आदल्या दिवसाची आहे. त्याच्याविषयी एक प्रसंग सांगतात. पेलेतिये हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ या थोर माणसाचे दर्शन घ्यायला मुद्दाम मँचेस्टरला आला. एका साध्या खोलीत एक म्हातारा एका पोराच्या पाटीवर वाकून बसलेला. पाहुण्याला विश्वासच बसेना. आपणच डाल्टन का, असे विचारल्यावर म्हातारा म्हणाला की होय, पण या मुलाचे गणित सुटेपर्यंत जरा बसता का? पॅरिसमध्ये असा माणूस मोठ्या अकादमीच्या गादीवर असता, या विचाराने फ्रेंच पाहुणा चक्रावला. आम्हाला मात्र यात चक्रावण्यासारखे फारसे काही वाटत नाही. गणित अर्धवट टाकून उठणे कोणाही शिक्षकाच्या जिवावर येते.

आता प्रश्न असा की असा बुद्धिमान मुलगा ऑक्सफर्डला किंवा केंब्रिजला शिकायला का गेला नाही? गरिबी हे एक कारण. पण पैसा असता तरी ऑक्सफर्डचे दार त्याला उघडले नसते. डाल्टन क्वेकर पंथाचा होता. १५८१ पासून ऑक्सफर्डमध्ये नाव दाखल करताना प्रत्येक विद्यार्थ्याला इंग्लंडच्या अधिकृत चर्चच्या ३९ धर्मकलमांवर सही करावी लागे. केंब्रिजला नाव घालता येई, पण पदवी घेताना सही लागे. क्वेकर, बॅप्टिस्ट, कॅथलिक, ज्यू यांना ती सही करणे शक्यच नव्हते. फॅरडेही एका छोट्या वेगळ्या पंथाचा, सँडेमनियन, होता. मँचेस्टरचे ते न्यू कॉलेज, जिथे डाल्टनने नोकरी केली, तेही अशा बाहेर ठेवलेल्यांनी स्वतःच्या मुलांसाठी काढलेले.

मानद पदवीला मात्र ती सही लागत नसे. म्हणजे १८३२ च्या जूनमध्ये ऑक्सफर्डने ज्यांना डॉक्टर केले त्यांतल्या डाल्टनला आणि फॅरडेला तेच ऑक्सफर्ड पहिल्या वर्षाचा विद्यार्थी म्हणून घ्यायला तयार नव्हते! मोठे दार बंद ठेवून बाजूच्या दाराने पाहुणे आत घेतले गेले.

तेवढेही काहींना रुचले नाही. धर्मनिष्ठ कवी आणि तिथला काव्याचा प्राध्यापक जॉन कीबल याने तक्रार केली की तत्त्वज्ञांच्या या खिचडीचे असे स्वागत करून विद्यापीठ काळापुढे लाचार झाले. त्याची भीती अगदीच चुकीची नव्हती. बाजूचे दार उघडले की मोठ्या दाराची आठवण निघतेच. दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, इतर पंथीयांना विद्यापीठांत प्रवेश द्यावा असे विधेयक ब्रिटिश संसदेत आले. कॉमन्स सभेने ते मंजूर केले, उमरावांच्या सभेने फेटाळले. ऑक्सफर्ड त्याच्या विरोधात होते. चौघांच्या गळ्यात झगा घालणे सोपे होते, त्यांच्या जातकुळीच्या हजारो मुलांना बाकावर बसू देणे अवघड होते.

राजाच्या भेटीला

त्याच वर्षी, १८३४ मध्ये, त्या झग्याला एक अनपेक्षित काम मिळाले. डाल्टनला राजा चौथा विल्यम याच्यापुढे सादर करायचे ठरले. दरबारी पोशाखात कमरेला तलवार हवी, आणि क्वेकर तर शस्त्राला शिवणार नाही. गणकयंत्राच्या कल्पनेसाठी प्रसिद्ध असलेल्या चार्ल्स बॅबेजने तोड काढली : ऑक्सफर्डच्या डॉक्टरचा झगा घालून जा, मग तलवारीची गरज नाही. बॅबेजने आपल्या आत्मचरित्रात हा सगळा प्रसंग खुलवून सांगितला आहे. दरबारात कुठून शिरायचे, कुठे वाकायचे याची त्याने डाल्टनकडून घरी तालीमही करून घेतली.

पण एक अडचण राहिली. तो झगा लालभडक. साध्या, करड्या-तपकिरी कपड्यांत वावरणाऱ्या क्वेकरांना असा रंग अंगावर घालणे म्हणजे मोठा उल्लूपणा. पण खुद्द डाल्टनला त्याचे काहीच वाटले नाही. का? त्याला तो लाल दिसतच नव्हता! त्याच्या डोळ्यांना तो मातकट, चिखलाच्या रंगाचा दिसे. सगळे लंडन लाल झग्याकडे पाहत होते आणि आत उभा असलेला माणूस मनाने साध्याच कपड्यांत होता.

रंगांधळेपणाचे पहिले काळजीपूर्वक शास्त्रीय वर्णन डाल्टननेच केले आहे, ही गोष्ट आपण वर्गात सांगतो. पण तिची सुरुवात सांगत नाही. १७९२ साली त्याने जिरेनियमचे एक गुलाबी फूल मेणबत्तीच्या उजेडात पाहिले. दिवसा ते त्याला आभाळासारखे निळे दिसे, मेणबत्तीत मात्र तांबडे. मित्रांना विचारले तर त्यांना तसा काही फरक जाणवेना. फक्त त्याच्या भावाला तो जाणवला. तेव्हा दोष घराण्यात आहे हे त्याने ओळखले, आणि १७९४ साली मँचेस्टरच्या साहित्य व तत्त्वज्ञान मंडळापुढे निबंध वाचला. लाखेचा लाल रंग आणि झाडाचे हिरवे पान त्याला सारखेच दिसत. त्याचा तर्क होता की आपल्या डोळ्यातील पारदर्शक द्रव निळसर असला पाहिजे, म्हणून तांबडा प्रकाश आत अडतो. मरणानंतर डोळा फोडून पाहा, असे त्याने सांगून ठेवले. २७ जुलै १८४४ रोजी तो वारला आणि दुसऱ्या दिवशी जोसेफ रॅन्सम या डॉक्टरने तसे पाहिले. द्रव स्वच्छ, पाण्यासारखा. दुसऱ्या डोळ्याला मागून छिद्र पाडून त्याने त्यातून लाल-हिरव्या वस्तू पाहिल्या. त्याही नेहमीसारख्याच दिसल्या. तर्क चुकला, पण चुकला हे सिद्ध करण्याची सोय त्याने स्वतःच करून ठेवली होती. डोळ्यांचे अवशेष मंडळाने जपून ठेवले. दीडशे वर्षांनी, १९९५ मध्ये, त्यांतून डीएनए काढून तपासला गेला. मध्यम लांबीच्या, म्हणजे हिरव्याच्या आसपासच्या, प्रकाशलहरी टिपणाऱ्या रंगद्रव्याचे जनुक त्याच्यात नव्हते. त्याच्या हयातीत थॉमस यंगने तांबड्याची संवेदना नसावी असे सुचवले होते. तेही बरोबर नव्हते.

धर्माच्या सहीची अट ऑक्सफर्डमध्ये पहिल्या पदवीपुरती १८५४ साली गेली आणि १८७१ च्या कायद्याने दोन्ही जुन्या विद्यापीठांतून जवळजवळ पूर्ण गेली. डाल्टन तोवर राहिला नव्हता. त्याने नोकरी केली ते न्यू कॉलेज मात्र राहिले. ते मँचेस्टरहून यॉर्कला, पुन्हा मँचेस्टरला, तिथून लंडनला असे फिरत फिरत १८८९ साली थेट ऑक्सफर्डमध्ये येऊन स्थिरावले, आणि १९९६ साली त्या विद्यापीठाचे पूर्ण महाविद्यालय बनले.

मुंबई आणि दोन-तृतीयांश

ऑक्सफर्ड-केंब्रिजबाहेर राहिलेल्यांसाठी लंडनमध्ये जी नवी व्यवस्था उभी राहिली तिच्यातून १८३६ साली लंडन विद्यापीठ निघाले. धर्म न विचारता परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची, एवढेच त्याचे काम. १८५७ साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे विद्यापीठे निघाली ती याच नमुन्यावर. म्हणून आपल्या विद्यापीठांच्या मूळ घडणीत मानद पदवीला जागाच नव्हती. परीक्षा नाही तर पदवी नाही. खुद्द लंडन विद्यापीठाने पहिल्या मानद पदव्या १९०३ साली दिल्या. इकडे मात्र त्याआधीच निकड भासली, आणि कारण पुन्हा दरबारच होते. प्रिन्स ऑफ वेल्स हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला, कायदा करून सोय केली गेली आणि १८७६ च्या आरंभी कलकत्ता विद्यापीठाने त्याला कायद्याचा मानद डॉक्टर केले. बरे इतकेच की त्याच वर्षी राजेंद्रलाल मित्रांसारख्या खऱ्या विद्वानालाही तोच मान मिळाला. १८८४ च्या कायद्याने तिन्ही विद्यापीठांना हा अधिकार दिला.

निवड कशी व्हावी हे १९०४ च्या भारतीय विद्यापीठ कायद्याच्या १७ व्या कलमात नेमके सांगितले आहे, आणि ते मुळातून पाहण्यासारखे आहे. कुलगुरू आणि सिंडिकेटच्या इतर सभासदांपैकी किमान दोन-तृतीयांश यांनी शिफारस करायची. कशाच्या आधारावर? ती व्यक्ती उच्च स्थान आणि कर्तृत्व यांमुळे पदवीस योग्य आहे, असे त्यांचे मत असले पाहिजे. मग ती शिफारस सिनेटपुढे जायची आणि हजर फेलोंपैकी किमान दोन-तृतीयांशांनी उचलून धरायची. शेवटी कुलपतीचे शिक्कामोर्तब. परीक्षेत ३५ टक्क्यांना पास करणारे विद्यापीठ इथे ६७ टक्के मागते! पण आमचे लक्ष त्या संख्येपेक्षा 'स्थान' या शब्दाकडे जाते. नुसते 'कर्तृत्व' लिहिले असते तर राजपुत्र, गव्हर्नर आणि मंत्री यांची पंचाईत झाली असती. हा एक शब्द म्हणजे लायनेल वुडव्हिलसाठी ठेवलेली खुर्ची. महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या पुढच्या कायद्यांतही या कलमाची छाया स्पष्ट दिसते. फरक एवढा की स्थान आणि कर्तृत्वाच्या जोडीला 'लोकसेवा' आली.

त्याच १९०४ साली मुंबई विद्यापीठाने रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना एलएल.डी. दिली. हे नाव कोणत्याही कलमात बसले असते. विद्यापीठाच्या अगदी पहिल्या, १८६२ च्या, पदवीधरांपैकी ते एक. पुढे तिथेच कुलगुरू झाले. मात्र जर्मनीतील ग्योटिंगेन विद्यापीठाने त्यांना १८८५ सालीच मानद डॉक्टरेट दिली होती. घरच्यापेक्षा बाहेरच्यांना लवकर दिसते, असे पुष्कळदा घडते. रवींद्रनाथांच्या बाबतीत तर ऑक्सफर्ड स्वतः उठून शांतिनिकेतनात आले. ७ ऑगस्ट १९४० रोजी विद्यापीठाच्या वतीने सर मॉरिस ग्वायर आणि डॉ. राधाकृष्णन यांनी तिथे खास समारंभ केला. प्रथेप्रमाणे गौरव लॅटिनमध्ये झाला. रवींद्रनाथांनी उत्तर दिले ते संस्कृतमध्ये.

दुसरे बंद दार

पंथाचे दार उघडले तरी आणखी एक बंदच होते. ऑक्सफर्डमध्ये मुली १८७० नंतर शिकू लागल्या, परीक्षाही देऊ लागल्या, पण पदवी मिळू लागली ती १९२० साली. केंब्रिजने तर १९४८ उजाडू दिले. आणि नवलाची गोष्ट पाहा : ऑक्सफर्डने मानद डॉक्टरेट दिलेली पहिली स्त्री राणी मेरी (१९२१), आणि केंब्रिजची पदवी मिळालेली पहिली स्त्री राणी एलिझाबेथ, म्हणजे सहाव्या जॉर्ज राजाची पत्नी (१९४८). वर्षानुवर्षे अभ्यास करून, पेपर लिहून पदवीवाचून घरी गेलेल्या मुलींना काय वाटले असेल?

अमेरिकेतही चित्र फार निराळे नव्हते. १९२१ साली मादाम क्यूरी एक ग्रॅम रेडियमची भेट स्वीकारायला तिकडे गेल्या तेव्हा विद्यापीठांनी त्यांच्यावर पदव्यांचा वर्षाव केला. हार्वर्डने मात्र दिली नाही. दोन नोबेल पारितोषिकेही तिथे पुरली नाहीत. त्याच हार्वर्डच्या वेधशाळेत अॅनी जंप कॅनन १८९६ पासून काम करत होत्या. आपण मुलांना ताऱ्यांचे ओ, बी, ए, एफ, जी, के, एम हे वर्ग शिकवतो, ती मांडणी त्यांची. वर्णपटांच्या काचा पाहून त्यांनी साडेतीन लाखांच्या आसपास ताऱ्यांचे वर्गीकरण केले. त्यांना ऐकू जवळजवळ येत नसे. १९२५ साली ऑक्सफर्डने त्यांना मानद डी.एससी. दिली, तिथे हा मान मिळालेल्या त्या पहिल्याच स्त्री. हार्वर्डने त्यांची खगोलशास्त्रज्ञ म्हणून रीतसर नेमणूक केली ती १९३८ साली, त्यांच्या ७४ व्या वर्षी. दोन वर्षांनी त्या निवृत्त झाल्या. हार्वर्डची मानद पदवी एखाद्या स्त्रीला पहिल्यांदा मिळाली तेव्हा १९५५ साल होते. ती स्त्री हेलन केलर.

म्हणून कोणत्याही विद्यापीठाची मानद पदव्यांची यादी हाती आली तर आम्ही तिच्याशेजारी त्याच वर्षांतल्या प्रवेशाच्या नियमांचा कागद ठेवून पाहतो. पहिली यादी विद्यापीठाला कोण आवडते ते सांगते. दुसरा कागद ते कोणाला बाहेर ठेवते ते सांगतो. नुसती पहिली वाचली तर १८३२ चे ऑक्सफर्ड फारच उदार वाटेल.

नकाराचीही एक कथा सांगून थांबतो. मार्गारेट थॅचर यांनी ऑक्सफर्डमध्ये मोठ्या दाराने प्रवेश करून रसायनशास्त्राची पदवी घेतली होती. त्यांच्या शिक्षिका डोरोथी हॉजकिन, पुढे नोबेल मिळवलेल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर ऑक्सफर्डला शिकलेल्या प्रत्येक पंतप्रधानाला विद्यापीठ मानद पदवी देत आले होते, म्हणून थॅचरबाईंचेही नाव पुढे आले. ऑक्सफर्डमध्ये कार्यकारी परिषद नाव सुचवते, पण शेवटचा शब्द तिथल्या शिक्षकांच्या आणि प्रशासकांच्या सभेचा असतो. एरवी सभा न बोलता होकार देते. या वेळी शिक्षण आणि वैज्ञानिक संशोधन यांवरील खर्चात सरकारने केलेल्या कपातीमुळे संताप होता. २९ जानेवारी १९८५ रोजी मतदान झाले. बाजूने ३१९, विरुद्ध ७३८. पंतप्रधानांच्या कार्यालयातून उत्तर आले की त्यांना मान द्यायचा नसेल तर तो घेण्याची इच्छा पंतप्रधानांना मुळीच नाही. थॅचरबाईंची सारी कागदपत्रे आज केंब्रिजच्या चर्चिल कॉलेजात आहेत.